दिगंबरचा पंखा

माझा मित्र दिगंबर दिवाळीनंतर गेला. तो शिकवायचा त्या हायस्कुलात जाऊन मी पोरांना सौरऊर्जा शिकवायची, हे आमचं आधीच ठरलेलं. बायको म्हणाली, "आता कशाला जाता? तो माणूसच राहिला नाही." म्हटलं, पोरं तर आहेत ना! आणि निघालो.

संभाजीनगरहून सकाळची गाडी, सेलूला उतरायचं. स्टेशनबाहेर पोहे झकास, चहा म्हणजे नुसता पाक. पुढे जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली की नाही, हे ड्रायव्हर ठरवतो. "सरका की पाव्हणं, लय जागा हाय!" म्हणत त्यानं कुणाची तरी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. जाणार असाल तर पाणी घरूनच न्या. चारठाण्याची जुनी देवळंही बघा. माझं मात्र त्या दिवशी कशातच मन लागेना.

शाळा चारठाण्याच्या पुढे, लहानशा गावात. दिगंबरनं छतावर सोलर पॅनल बसवून प्रयोगशाळेतला पंखा चालवला होता. त्याची मुलगी वैष्णवी तिथंच नववीत. परीक्षा संपली की मायलेकी कायमच्या मामाकडे, पाथरीला जाणार. जिन्यातच तिनं मला गाठलं.

"काका, पप्पा गेल्यापासून पंखा बंद हाय. मी जायच्या आदी एकदा तरी फिरल का?"

पोरांना घेऊन वर गेलो आणि थबकलोच. पॅनलच्या मधोमध दिगंबरचा फोटो तारेनं बांधलेला, त्यावर झेंडूचा जाड हार. दसऱ्याला यंत्रांना घालतो ना, तसाच. फक्त पोरं हा रोज बदलत होती. हात जोडून उभा राहिलो. तरी शिकवायला तर आलो होतो!

"बाळांनो, काचेखालचे हे चौकोन एकमेकांना जोडलेले असतात. थोड्यांवर सावली पडली तरी सगळ्यांची वीज अडते."

"मंग सरांचा फोटो काढायचा?" एकानं विचारलं. "मी न्हाई बा हात लावणार."

कुणीच पुढे होईना. मलाही धीर होईना. शेवटी वैष्णवीनंच तार सोडली.

"काका, पप्पामुळंच बंद पडला व्हता का?"

"नाही गं बाई. फोटोच्या चौकटीमुळं."

खालून ओरडा झाला, "फिरायलाय! पंखा फिरायलाय!" पोरं धावत जिना उतरली. ती मात्र फोटो मांडीवर घेऊन ओढणीनं काच पुसत बसली. दुपारी पोरांनी तो प्रयोगशाळेत, पंख्यासमोरच्या भिंतीवर लावला.

घरी आल्यावर लोक विचारतात, कसा झाला वर्ग? चांगला झाला, सांगतो. परवा पाथरीहून वैष्णवीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, मग हळूच म्हणाली, "उन्हाळ्यात पप्पाला लय उकडायचं, काका. आता वारं लागत असंल ना?"

"लागतं गं," म्हणालो. फोन ठेवला आणि मला रडूच कोसळलं.