बोक्याची जट

मुलानं हौसेनं मेन कून जातीचा बोका आणला आणि नोकरी लागताच तो आमच्या गळ्यात टाकून हैदराबादला गेला. नांदेडच्या उन्हात एवढे केस पांघरलेला प्राणी! खाली कुत्री, म्हणून दार कायम बंद, खिडक्यांना जाळ्या. आत बोका, गुडघे गेलेल्या सासूबाई आणि मी. भाजी आणायला गेले तरी जीव घरात अडकलेला. कधीकधी वाटायचं, जाळी फाडून आपणच पळून जावं.

बोका मात्र स्वभावानं गरीब. दिसायला वाघ, आवाज चिमणीचा. दिवसभर माझ्या मागेमागे फिरायचा, बादलीत पंजा बुडवून बसायचा. त्याला रोज विंचरावं लागे, काखेत आणि पोटाखाली तर नक्कीच. आठवडाभर हात थांबला की केसांचे गोळे होतात.

मुलीच्या बाळंतपणाला मी लातूरला गेले आणि तेच झालं. परत आले तर बोका लंगडत होता. काखेतला गोळा कातडीला चिकटून घट्ट झालेला, पाऊल टाकलं की कातडी ओढली जायची. मी नवऱ्यावर उखडले. त्यांनी नुसतं आईकडे बोट दाखवलं.

"जट हाय ती, देवीची," सासूबाई म्हणाल्या. "कात्री लावू नका, घरावर येईल."

त्यांच्या स्वतःच्या डोक्यात जट आहे. मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीची, कमरेपर्यंत आलेली, दोरखंडासारखी जड. मान दुखते, कुशीवर वळता येत नाही. रोज मीच मान चोळून देते. तिच्याविषयी घरात कधी कुणी ब्र काढला नाही, मीही नाही. पण बोक्यानं खाणं सोडलं तेव्हा माझं डोकं फिरलं. त्याला पिशवीत घातलं आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी मशीननं गोळा काढला. खालची कातडी लाल, ओली, सोललेली होती.

घरी येऊन मी बोक्याला सासूबाईंच्या मांडीवरच ठेवलं. रागातच म्हटलं, बघा देवीनं काय केलंय ते. त्या बराच वेळ जखमेकडे बघत राहिल्या.

"लई सोसलं गं लेकरानं," त्या म्हणाल्या. "बरं केलंस."

मला धीर आला. "आई, तुमचीही काढू या का?"

त्यांनी आपली जट दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरली.

"माझी राहू दे. आता तिच्याबिगर मान कशी धरायची, ते मला ठावं न्हाई."