तांब्याभर आंघोळ

माझं माहेर कृष्णेच्या काठचं, कुंडलच्या पलीकडलं. सासर जतच्या माळावर. लग्नात गाडीत बसताना मी रडायला लागले, तर धाकटा भाऊ म्हणाला, "आक्के, रडू नगं. तुज्या मागनं नदी धाडतो."

आणि मी ते खरं मानलं. केवढी हुशार! सासरी दुसऱ्याच दिवशी धुण्याची पाटी काखेला मारून विचारलं, "घाट कुठं हाय?" सासूबाई नुसत्या बघत राहिल्या. वर मी ऐटीत सांगितलं, "माजा भाऊ नदी धाडणार हाय."

"धाडू दे की. तवर ह्या तांब्यात आंघोळ कर."

मी शहाणीनं आधी अंगभर साबण चोळला. तांब्या गळ्यापर्यंतच पुरला. न्हाणीतून हाका मारतेय, डोळे झोंबतायत, आणि बाहेरून सासूबाई म्हणतायत, "आता नदी यीस्तवर बस तशीच!"

पंचमीला भाऊ न्यायला यायचा. माहेरी गेले की सोप्यात बसून मी ही गोष्ट हातवारे करून सांगायची. भाऊ हसून हसून डोळे पुसायचा. "आक्के, साबणाचं परत सांग." मी परत सांगायची. सासरचे हाल विकून माहेरी भाव खात होते, आणि त्याचंही कौतुक वाटायचं मला.

पुढं कालवा खरंच आला. कृष्णेचं पाणी पंपांनी उचलून टप्प्याटप्प्यानं आमच्या माळावर. पहिल्या पाण्याची मी खणानारळानं ओटी भरली आणि बायकांना सांगितलं, "माज्या भावानं धाडलंय." पण ते पाणी पुराचं. नदीला जड झालं की आमच्याकडं यायचं. उन्हाळ्यात कालव्यात पोरं क्रिकेट खेळायची आणि आम्ही टँकरपुढं भांडायचो.

उन्हाळ्यातही पाणी सोडा, म्हणून सांगलीत बैठक झाली. आम्ही बायका जीप करून गेलो आणि शेवटच्या रांगेत बसलो. नदीकाठच्या शेतकऱ्यांच्या वतीनं बोलायला उभा राहिला तो माझा भाऊ. मी शेजारणीला कोपरानं ढोसलं, "बघ आता."

"पुराचं पाणी न्या की, पायजे तेवढं," तो म्हणाला. "उन्हाळ्याचं दिलं तर आमचा ऊस वाळंल. आन त्या लोकास्नी सवय हाय वो. माजी सख्खी भन तिकडं दिलीया. एका तांब्यात आंघोळ करत्यात, तिच्याच तोंडनं ऐकलंय मी."

सभा हसली, टाळ्याही पडल्या. गोष्ट माझी, हातवारेसुद्धा माझेच. साबणाचं तेवढं त्यानं गाळलं.

उन्हाळ्याचं पाणी मिळालं नाही. परतीच्या वाटेवर जीपमध्ये शेजारीण खिडकीबाहेर बघत बसली. मला वाईट वाटू नये म्हणून असणार.

यंदा पूर माहेरच्या घरात शिरला. भाऊ आणि भावजय ऐन पंचमीत माझ्याकडं आले, अंगावरच्या कपड्यांनिशी. घराच्या मागं कालवा तुडुंब चाललेला. सकाळी मी न्हाणीत साबण ठेवला आणि एक तांब्या.

"आक्के, एवढ्यात?"

"का रं? सवय असती की हितल्या लोकास्नी."

तो थबकला. "तुला कुणी सांगिटलं?"

"शेवटच्या रांगंत हुते मी. साबणाचं सांगायचं इसरलास बग."

"आक्के, त्ये उसासाठी बोलावं लागतंय गं. मनातलं न्हवतं."

"मग लय चांगलं बोललास. टाळ्या पडल्या."

त्यानं न्हाणीचं दार लावून घेतलं. आतून साबणदाणी वाजली. जरा वेळानं पाणी पडल्याचा आवाज आला, आणि लगेच थांबला. रिकामा तांब्या फरशीवर टेकला.

मी दाराबाहेर भरलेली बादली घेऊन उभी होते. नुसतं "आक्के" म्हटला असता, तरी आत सरकवली असती. बराच वेळ उभी राहिले. हात भरून आला.

त्यानं हाक मारली नाही. बादली मी म्हशीपुढं ठेवली.