कप्तानाची माय

आमच्या घरातल्या कप्तानाला आई आहे. बाकी जगात कुठेही त्याला आई नाही. हा फरक कसा पडला ते सांगायचं तर सुरुवात माझ्या इंग्रजीपासून करावी लागेल.

माझं इंग्रजी कचेरीतलं आहे. ‘प्लीज फाइंड एन्क्लोज्ड’पर्यंत ते ठणठणीत चालतं, पुढं लंगडतं. अंतराळात मात्र कोणी कोणाला काही एन्क्लोज करून पाठवत नाही. तिथली माणसं, आणि जी माणसं नाहीत तीही, भराभर बोलतात, एकमेकांचं तोडतात. ज्या वाक्याला माझी मुलगी आणि पुतण्या सोफ्यावरून घसरेपर्यंत हसतात, त्या वाक्याला मी जरा उशिरा हसतो. पुतण्यानं एकदा विचारलंही, “काका, तुमच्याकडं आवाज मागून येते काय?”

मालिका आहे कार्टूनची. कार्टून म्हटलं की दोघंही चिडतात, ॲनिमेशन म्हणावं लागतं. एक भंगारात काढण्याजोगं मालवाहू यान आहे. त्याचा कप्तान आळशी आणि भांडखोर. सोबत एक रोबोट, जो स्वयंपाक करतो आणि कधीही रडायला लागतो. आणि तीन डोळ्यांची एक बाई, जिचा एक डोळा कायम झोपलेला असतो. ही मंडळी ग्रहाग्रहांवर माल पोचवतात आणि बहुतेकदा चुकीच्या ग्रहावर पोचवतात. कप्तानाला मात्र पहिल्या भागापासून एका निळ्या ग्रहावर जायचंय. का, ते कोणी सांगत नाही. दर वेळी काहीतरी आडवं येतं.

मुलगी नागपूरला शिकते, शनिवारी एसटीनं घरी येते. पुतण्या गावाला लागूनच लोहाऱ्याला एका कारखान्यात कामाला आहे आणि आमच्याचकडं राहतो. नवा भाग दोघांनी मिळून पाहायचा आणि मग भांडायचं, असा रिवाज. खरा कार्यक्रम भांडणाचा, भाग फक्त निमित्त.

आणि मोठी आई. म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काका गेल्यावर राळेगावचं बिऱ्हाड आवरून ती आमच्याकडं आली. तिचा मुलगा बंगळुरूला असतो, दर रविवारी फोन करतो. तिचा दिवाण आमच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या बरोबर समोर, त्यामुळं घरात जे लागेल ते तिला दिसतंच. एका शनिवारी तिनं रोबोटकडं बोट दाखवलं.

“हे डबडं काहून रडून राह्यलं?”

पोरं भांडणात गुंतली होती, म्हणून तिनं मला विचारलं. मला माहीत नव्हतं. पण आमच्या खानदानात कोणी काही विचारलं आणि मी गप्प बसलो, असं अजून घडलेलं नाही. लग्नात पंगत उठली की लोक मला धरून बसवतात आणि “ते रेड्याची गोष्ट सांग” म्हणतात. रेडा खरा होता, पण आता त्याच्यात खरं फारसं उरलेलं नाही.

“त्याले घरची आठोन येऊन राह्यली,” मी म्हटलं.

“अन् त्या कप्तानाच्या घरी कोण कोण हाये?”

“माय हाये.”

झालं. बाई जन्माला आली.

तेव्हापासून रविवारी दुपारी, पोरं बाहेर गेली की, मी मोठ्या आईला शनिवारचा भाग सांगायला लागलो. जिथं जिथं मला इंग्रजी कळलं नाही तिथं तिथं कप्तानाची आई आली. ती बऱ्याचदा आली. दोन सूर्य असलेल्या ग्रहावर ती राहायची, त्यामुळं तिच्या कुरड्या अर्ध्या दिवसात वाळायच्या. पोराचं यान उल्केवर आपटणार, तेवढ्यात तिचा फोन यायचा, “जेवला काय?” तिचे गुडघे दुखायचे, कारण तिकडं वजन जास्त भरतं. मोठ्या आईला हे सगळं पटलं. मालिकेतलं तिला आणखी काही आवडायचं असं मला वाटत नाही. “काल ते आलती काय?” एवढंच ती आधी विचारायची.

बायको स्वयंपाकघरातून ऐकायची. “मारा अजून थापा,” म्हणायची, “कधीतरी तोंडावर पडसान.”

तो दिवस पुतण्यानं आणला. जेवताना म्हणाला, “मोठी आजी, आता आपलं यान हिंदीत येऊन राह्यलं. नव्या भागापासून. तुले कोणाले विचाराचं काम नाही.”

मोठी आई हिंदीतल्या सगळ्या सासवासुना ओळखते. ती खूश झाली. मी वरणात भात कालवत राहिलो. बायकोनं मला आणखी एक पोळी वाढली, मागितली नव्हती तरी.

पुढचे दिवस मी माझ्या परीनं हालचाल करून पाहिली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसानं कार्टून पाहू नये, रंग फार भडक असतात, असं एक मत मांडलं. मोठी आई म्हणाली, ऑपरेशन केलंच कायले मंग? हिंदीत मजा जाते, असंही पोरांना सुचवलं. मुलगी फोनवर म्हणाली, “बाबा, तुम्हांला इंग्रजीत येत होती का मजा?” मी विषय बदलला.

शनिवार आला. मुलगी दुपारी पोचली ती दारातच पुतण्यावर ओरडत, कारण त्यानं सकाळीच मोबाइलवर भाग पाहून टाकला होता.

“काही सांगू नको, दादा. एक शब्द नको.”

“मी कुठं काय म्हटलं? फक्त शेवट पाह्य म्हटलं.”

“हेच सांगणं झालं ना!”

मोठ्या आईनं तोवर चष्मा पुसून ठेवला होता आणि घरातलं लुगडं बदलून इस्त्रीचं नेसली होती. पाहुण्याकडं जायचं असल्यासारखी. कोणाकडं जायचं होतं, ते फक्त मला माहीत होतं.

भाग सुरू झाला. रोबोटला हिंदीत एका मवाली पोराचा आवाज दिला होता, त्यावरून दोघांनी लगेच कपाळाला हात लावला. मोठी आई हलली नाही. दार उघडलं, फोन वाजला, खिडकीत कोणी आलं, की तिची मान पुढं जायची. दर वेळी दुसरंच कोणी निघायचं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या मालिकेतला शब्द न् शब्द समजून घेतला आणि मला काडीचाही आनंद झाला नाही.

शेवटी यान निळ्या ग्रहापाशी पोचलं. कधी नाही ते आडवं काही आलं नाही. खाली समुद्र दिसायला लागला. कप्तानानं हातात दांडा धरला, थांबला, आणि एक शब्द न बोलता यान मागं वळवलं. रोबोट खिडकीशी उभा राहून रडला. संपलं.

“वळवलं काहून?” मुलगी किंचाळलीच.

“कारण तो कप्तानच नाही,” पुतण्या सकाळपासून दाबून ठेवलेलं बोलला. “क्लोन आहे. मागच्या सीझनमध्ये मशीनमध्ये गेलता, तेव्हा दोन निघाले. खरा तिकडंच राह्यला. याले निळ्या ग्रहाचं काय पडलं?”

“हट्! तो घाबरला. तिथं पोचला की पुढं करायचं काय त्याला? सगळे आपापल्या घरी जातील, यान बंद.”

“दांडा कोणत्या हातानं धरला पाह्यलं काय? डाव्या. कप्तान उजवा आहे.”

“उजव्या हातात चहा होता, दादा!”

“मालिकेच्या ग्रुपवर सगळे क्लोनच म्हणून राह्यले.”

“ग्रुपवरचे सगळे तुझ्यासारखेच आहेत.”

हे असं अर्धा तास सहज चालतं. मी त्या आवाजाच्या आडोशानं उठून बाहेर सटकावं, अशा बेतात होतो. पायात चप्पलही घातली होती.

“तिले काहून नाही दाखोलं?” मोठी आई म्हणाली.

“कोणाले?” पुतण्यानं विचारलं.

“त्याच्या मायले.”

 पुतण्यानं तिच्याकडं पाहिलं, मुलीनं थेट माझ्याकडं. एकुलती एक पोरगी आहे, बापाला ओळखते.

“मोठी आजी,” पुतण्या शक्य तितक्या सबुरीनं म्हणाला, “कप्तानाले माय नाही. मी पहिल्यापासून एक भाग सोडला नाही.”

“माय नाही तं जन्मला कसा?”

“तो पेटीत सापडला होता. माल उतरवताना.”

“पेटीत ठेवला कोणं?”

 यावर ग्रुपवर वर्षभर काथ्याकूट चालू होता, पण उत्तर कोणाकडंच नव्हतं.

मग मोठ्या आईनं त्या दोघांना कप्तानाची आई सांगितली. दोन सूर्य, कुरड्या, गुडघे, फोन. पुढं ती अशाही गोष्टी सांगायला लागली, ज्या मी कधी बोललो नव्हतो. म्हणे त्या बाईला चहात साखर चालत नाही. म्हणे पोराची खोली तिनं तशीच ठेवली आहे, त्यात कांदे पसरले आहेत तेवढंच. दोघं ऐकत होते आणि मधून मधून माझ्याकडं बघत होते. मी चप्पल काढून ठेवली. पळून जायची वेळ निघून गेली होती.

“मंग हे सगळं गेलं कुठं?” मुलीनं विचारलं. तिला ते मोठ्या आईला विचारायचं नव्हतं.

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो, ते आजही मला सांगता येणार नाही. मोठ्या आईनंच उत्तर दिलं.

“कापलं असन.”

“कोणं?”

“हिंदीवाल्यानं. बायाचं पह्यले कापते. माह्या पोराच्या लग्नाची क्यासेट नाही पाह्यली काय तुमी? तीन घंटे नवरदेवाचे दोस्त नाचून राह्यले. मी मंगलाष्टकं म्हटलीती, सुनेची ओटी भरलीती. मी हावो कुठं त्याच्यात? एका जागी पाठ दिसते. माही पाठ. इतकंच.”

 ती कॅसेट आमच्या सगळ्या घरानं पाहिली आहे. मी स्वतः तिच्यात दोनदा नाचलो आहे.

“तं तू सांग,” ती माझ्याकडं वळली. “इंग्रजीत होती ना ते? तिनं आज काय केलं?”

“हो, काका,” पुतण्या पाय वर घेऊन मांडी घालून बसला. चेहरा अगदी साधा. “इंग्रजीत काय होतं, सांगा ना.”

स्वयंपाकघरातला मिक्सर बंद झाला.

मी म्हटलं, यान उतरणार, तेवढ्यात तिचा फोन आला.

“येऊच शकत नाही,” पुतण्या म्हणाला. “अँटेना तुटून पडला आहे. मागच्याच भागात.”

“रोबोटच्या पोटात रेडिओ आहे,” मुलगी म्हणाली. मला वाचवायला ती बोलली असं समजून मी क्षणभर विरघळलो, पण तसं काही नव्हतं. तिचे डोळे चमकत होते. तिला क्लोनविरुद्ध मुद्दा सापडला होता. “त्याच्यावरच आला असेल. म्हणून तर तो रडतो! तुझ्या क्लोनमध्ये तो काहून रडतो, सांग?”

“तो कधीही रडते.”

“आज खिडकीशी उभा राहून रडला. खिडकीशी तो कधीच रडत नाही, गॅसपाशी रडतो.”

पुतण्या विचारात पडला. खरंच पडला. मग मला म्हणाला, “बरं. काय बोलली ते?”

सगळ्यांचं लक्ष माझ्याकडं. इतके ऐकणारे मला बऱ्याच दिवसांत मिळाले नव्हते. मला हुरूप आला, आणि तिथंच मी घसरलो. मी म्हटलं, “ते म्हणे, आता येऊ नको, घराले रंग देनं चालू हाये, दोन दिवसांनी ये.”

मुलगी हसली. पुतण्याही हसला. मोठी आई हसली नाही.

“नाही,” ती म्हणाली. “इथं तू चुकून राह्यला. येऊ नको असं नाही म्हणत माय.”

“मंग काय म्हणते?”

“माय म्हणते, इकडं सगळं ठीक हाये, तू नको धावू. तुह्यं काम कर.” तिनं पायावरचं पांघरूण नीट केलं. “मंग त्याले वाटते, ठीक हाये तं कायले जाचं. अन् तो वळते.”

 मुलीनं रिमोट हातात घेतला आणि काही न करता खाली ठेवला. उद्या रविवार होता, बंगळुरूच्या फोनचा दिवस.

पुतण्याला मात्र हरणं जमत नाही. थोड्या वेळानं म्हणाला, “तरी माह्या मतानं तो क्लोनच आहे.”

“राहो ना क्लोन,” मोठी आई म्हणाली. “दोन निघाले तं दोघाची माय तेच ना?”

पुतण्यानं हे ग्रुपवर टाकलं. तिकडं दोन दिवस गदारोळ झाला म्हणतात. काही जणांनी ही आई कोणत्या भागात आली होती ते विचारलं, एकानं तर ‘मला आधीपासून माहीत होती’ असंही लिहिलं.

माझ्यापुरतं सांगायचं तर सरकारी भाषेत ज्याला चार्ज देणं म्हणतात, ते त्या दुपारी झालं. सही नाही, शिक्का नाही. आता शनिवारी भाग संपला की पोरं दिवाणाकडं सरकतात आणि विचारतात, “मोठी आजी, काय कापलं?” आणि ती सांगते. माझं काम कुठं राहिलंच असेल तर ते हिंदी न समजल्याचं सोंग करायचं. मधेच एखादा शब्द अडला की ती थांबते, माझ्याकडं बघते, आणि मग स्वतःच पुढं जाते.