ते वाचले का?

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोपुढे नाही, मित्रापुढे नाही — देवापुढेही नाही. देवापुढे हात जोडून उभा राहतो आणि भलतंच काहीतरी मागून परत येतो. आता दात पडलेत, कान अर्धे गेलेत, आणि ही एक गोष्ट मात्र घशात तशीच अडकलेली आहे. तुम्हां वाचणाऱ्यांना लिहून सांगतो. तुम्ही मधे बोलत नाही, एवढं एक बरं आहे.

आणि गोष्ट तरी कसली? सुट्टीत वाचायच्या पुस्तकाची! हसाल. हसा खुशाल. मीही कित्येक वर्षं स्वतःची समजूत घालत आलो की एवढंसं तर आहे, त्याचं काय मोठंसं.

मी गिरगावातला, एका वकिलाच्या कचेरीतला कारकून. मुंबईत प्लेगचा गाठीचा ताप शिरला त्याच्या आधीची ही वर्षं. माझी पहिली बायको द्वारका. वाडीतल्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच, वडीलधारं कुणी डोक्यावर नाही, त्यामुळे तिला मोठ्यानं हसायची सवय लागली होती. तिला लिहायला-वाचायला मी शिकवलं. चारचौघांत हे सांगताना माझी छाती फुगायची — सुधारक ना आम्ही! शिकवलं खरं, पण ती माझ्यापेक्षा भरभर वाचायला लागेल हे कुठं ठाऊक होतं?

उन्हाळ्यात कोर्टाला सुट्टी लागली की ती पुढे माहेरी जायची, हर्णैच्या बाजूला, आणि कामं आवरून मी मागाहून. जाण्याआधी पुस्तकं आणून देणं माझ्याकडे. ठाकूरद्वारच्या पुस्तकवाल्याकडे ती मला भाजीला पाठवावं तशी पाठवायची, बजावून बजावून. पुस्तक हलकं हवं. हातातही हलकं, म्हणजे आंब्याखाली उताणं पडून धरता येईल असं, आणि आतूनही. पहिल्या पानावर कुणाची आई मेलेली नको. उपदेश तर नकोच नको — “तो मला घरबसल्या फुकट मिळतो,” हे माझ्याकडे बघून. आणि दूध उतू जायला लागलं तर चटकन मिटता आलं पाहिजे, पण दूध उतरवल्यावर पुन्हा उघडल्याशिवाय राहवता कामा नये. आता असं पुस्तक दुकानात कोणत्या फळीवर असतं, सांगा बरं! मी आपला आणायचो आरोग्याचं नाहीतर नीतीचं. एका वर्षी आणलेलं एक जाडजूड पुस्तक तिनं पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलं होतं. “बसतं हो अगदी बरोबर,” म्हणाली.

त्या वर्षी कसं कोण जाणे, माझा हात नेमका लागला. एका कादंबरीचा पहिला भाग. तरुण सरदार, तलवार, समुद्र, चाचे — सगळा मसाला. आणि सरदाराचं नाव दिनकर.

माझं नावही दिनकर.

आली का पंचाईत लक्षात? नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? जायला अजून महिना होता, पण तिला कुठला धीर! दुपारी गॅलरीत बसून ती शेजारच्या काकूंना पुस्तक वाचून दाखवायची, आणि नाव आलं की अडायची. मग ‘दिनकररावांनी समशेर उपसली’चं होई ‘ह्यांनी समशेर उपसली’. काकू दचकायच्या. “अगो, कोणी? तुझ्या ह्यांनी?” “नाही हो काकू, पुस्तकातल्या ह्यांनी!” की दोघी पोट धरधरून हसायच्या. हळूहळू वाडीतल्या बायकांत हा चेष्टेचा विषय झाला. पुस्तकातले हे आणि घरातले हे. पुस्तकातले हे खवळलेल्या समुद्रात उडी टाकतात, घरातले हे नारळी पुनवेला चौपाटीवर लाटेला भिऊन धोतर आवरत मागे सरतात.

ती हे लाडानं म्हणायची. मला कळत होतं ते. पण कळून काय उपयोग? मी हसायचो आणि आत जळायचो.

पहिल्या भागाचा शेवट असा होता — वादळ होतं, दिनकररावांचं गलबत खडकावर जातं, ते लाटांत सापडतात, आणि संपला भाग! द्वारकेनं पुस्तक जवळजवळ भिरकावून दिलं. “हा काय चावटपणा!” मग रोजचं सुरू झालं. भात वाढताना हात थांबायचा आणि म्हणायची, “वाचतील ना हो ते?” सांजवात लावून झाल्यावर पुन्हा, “इकडून दुसऱ्या भागाची चौकशी झाली का?” मी दिवसभर कागद खरडून घरी यायचो, डोकं दुखत असायचं, ते तिनं कधी विचारलं नाही असं नाही. विचारायची. पण विचारताना चेहरा असा उजळायचा नाही.

सांगतो. टाळत नाही. जरा श्वास घेतो.

दुसरा भाग आलेला होता. मी तो विकत घेतला, कचेरीतच बसून वाचला आणि माझ्या टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवला. घरी येऊन म्हणालो, अजून छापूनच निघालेला नाही.

का? विचारा ना, का! मला त्या माणसाचा मत्सर वाटला. कागदाच्या माणसाचा! माझंच नाव घेऊन माझ्याच घरात शिरलेला तो, आणि माझी बायको त्याच्यासाठी जीव टांगून बसलेली. म्हटलं, बस म्हणावं बुडत. सुट्टीभर बुडू दे. दुसऱ्या भागाऐवजी मी तिला गृहिणीनं कसं वागावं ह्यावरचं एक पुस्तक आणून दिलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं बोचक्यात घातलं. त्यावर चेष्टा केली नाही. चेष्टा केली असती तर बरं झालं असतं.

तिला पोचवायला धक्क्यावर गेलो होतो. तिचा भाऊ पुढे सामान चढवत होता. गर्दीत मागं राहून ती हळूच म्हणाली, “इकडे पुष्कळ वाचन आहे. अशा गोष्टींत पुढे काय होतं ते कळत असेलच. एवढंच सांगावं, वाचतात ना ते?” लहान मूल विचारतं तसं विचारलं हो! आणि मी काय म्हणालो? “मला काय स्वप्न पडलंय?” वसकन म्हणालो. ती हसली. पदर सावरून बोटीवर चढली. तेच तिचं शेवटचं दर्शन.

पुढचं लवकर सांगून टाकतो. तिला माहेरी विषमज्वर झाला. तार आली. मी खण उघडला आणि तो दुसरा भाग पिशवीत टाकला. हो, नेला होता मी. उशाशी बसून वाचून दाखवीन, नाव मीच घेईन, ती हसेल, असलं काहीबाही बोटीत मनाशी रचत होतो. किनाऱ्याला उतरल्यावर बैलगाडी. घराच्या पडवीत माणसं बसलेली दिसली, आणि कुणी उठून पुढे आलं नाही. तेव्हाच समजलो. आदल्या दिवशीच सगळं आटोपलं होतं.

सासूबाई दाराआड उभ्या राहून बोलल्या. ते शब्द मला आजही जसेच्या तसे ऐकू येतात. “जावईबुवा, तुमचाच धोसरा घेतलान हो तिनं! शेवटपर्यंत एकच. गलबत फुटलं का? ते वाचले का? आम्ही सांगतोय, अगो, आगबोटीनं यायचेत ते, गलबत कसलं? येतील, येतील. तर मान हलवायची. ते नव्हे, ते नव्हे, म्हणायची. तापात धड बोलता येत नव्हतं पोरीला. पण जीव सगळा तुमच्यात!”

पडवीतली म्हातारी माणसंही डोळे पुसत होती. आणि पिशवी माझ्या पायाशी होती. त्या पिशवीत ते पुस्तक.

तुम्हांला समजलं ना? सगळ्या घरात एकट्या मला समजलं होतं. ती माझ्याबद्दल विचारत नव्हती. तापातसुद्धा बिचारीनं नवऱ्याचं नाव घेतलं नाही — रीत पाळली, आणि त्या रीतीनंच तिचा घात केला. ‘दिनकरराव वाचले का’ म्हणाली असती तर तिनं बरोबर नेलेलं ते पहिलं पुस्तक चाळलेलं कुणीतरी चमकलं असतं. ती म्हणत राहिली ‘ते’, आणि लोक म्हणत राहिले ‘येतील’. तिला ‘येतील’ नको होतं. तिला ‘वाचले’ एवढाच शब्द हवा होता. घरात एवढी माणसं, पण तो शब्द कुणाला सुचला नाही, कारण तो माझ्या खणात कुलपात होता.

तेव्हा तरी बोलायचं होतं! सासूबाईंच्या पाया पडून सांगायचं होतं की ती मला नव्हती हो शोधत, मीच हा असा नीच माणूस आहे. मी काय केलं? पंचानं तोंड झाकलं आणि रडलो. खोटं नव्हतं रडणं. पण त्यांनी जे समजायचं ते समजू दिलं.

परतताना बोटीवर एक अनोळखी गृहस्थ भेटले. ते पुस्तक त्यांना देऊन टाकलं. “पहिला भाग वाचलेला नाही,” म्हणाले. मी म्हटलं, काही बिघडत नाही.

इथं थांबलो असतो तरी थोडकं होतं. पण गोष्ट माझ्याआधी गिरगावात पोचली. दिनकरपंतांच्या बायकोनं नवऱ्याचा ध्यास घेत प्राण सोडला! वाडीतल्या काकूंनी माझ्यापुढे डोळ्यांना पदर लावला. कचेरीत वकीलसाहेबांनी स्वतः बोलावून पाठीवर हात ठेवला. आणि मला ते — लिहिताना हात अडतो आहे — मला ते आवडलं. कागदाच्या माणसाला हरवल्यासारखं वाटलं. त्याच्या वाट्याचं शेवटचं वाक्य मी माझ्या नावावर करून घेतलं आणि आयुष्यभर त्यावर मिरवलो.

वर्षाच्या आत दुसरं लग्न झालं. ही साधी, कष्टाळू बाई. दरवर्षी अविधवा नवमीला द्वारकेच्या नावानं सवाष्ण जेवू घालते, तिची ओटी भरते, आणि जेवायला आलेल्या बाईला सगळी कथा सांगते — गलबत, आगबोट, ‘ते वाचले का’, सगळं. मी आतल्या खोलीत ऐकत बसतो. एकदा, कशावरून तरी आमचं वाजलं होतं, तेव्हा मी हिला म्हणालो, “एक ती होती, माझ्यासाठी झुरत गेली. आणि एक तू!” ही चुलीपुढे बसून राहिली. त्यानंतर हिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. लिहिता-वाचता हिलाही येतं. सुट्टीत माहेरी जाताना कधी म्हणाली नाही की मला एखादं हलकं पुस्तक आणून द्या. एकदाही नाही. मीही कधी आणलं नाही.

म्हणजे दोघींचं केलं मी. एकीला गोष्टीचा शेवट दिला नाही, दुसरीवर खोटी गोष्ट लादली.

वय कोवळं होतं, काळ तसा होता, मला तरी काय ठाऊक की ती परत येणार नाही — हे सगळं मी स्वतःशी म्हणून पाहिलेलं आहे. त्यातलं एकही इथं मांडत नाही. तुम्ही काही म्हणू नका. मला तुमच्याकडून काही नको.

एकच राहिलं आहे. धक्क्यावर तिनं विचारलं तेव्हा मला ते माहीत होतं. पुस्तक सबंध वाचायचीही गरज नव्हती, दुसऱ्या भागाच्या अगदी पहिल्याच पानावर होतं ते.

गलबत फुटलं, द्वारके. ते वाचले.