आमेनपर्यंत कोणी बोलायचं नाही

माहं नाव लखीराम राठोड. दारव्हा डेपोतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो. आता आमच्या चर्चच्या पंचमंडळाचा सेक्रेटरी आहो, आणि लांब प्रार्थना करण्यात माहा हात कोणी धरू शकत नाही. उपासनेत मी प्रार्थनेले उभा राह्यलो का बायायले घरचा कुकर आठवते. एकदा मधातच डोळे उघडले, तं मागचे बाक रिकामे. पाळकसाहेब तेवढे जागेवर होते, पण तेही बिचारे झोपले होते. मी काय करतो? पुन्हा डोळे मिटले आणि गाडी पुढं नेली.

आमी बंजारा. तांड्यावर माह्या बापानं येशूले मानलं, तेव्हापासून आमी ख्रिस्ती. घरात गोरबोली, बाजारात वऱ्हाडी. पण देवाशी बोलायचं म्हटलं का मले एकदम पुस्तकी मराठी चढते. जन्मभर 'सरका पुढं'च्या पलीकडं कोणाशी नीट बोललो नाही, पण देवापुढं असा सुरू होतो जसा कलेक्टरले अर्ज देऊन राह्यलो. माही बायको बेबी म्हणते, तुमच्यापायी देवालेही डिक्शनरी घेऊन बसा लागत असन.

घरात रोज आठ वाजता कुटुंबप्रार्थना. नेम माह्या बापाचा. आळीपाळीनं करायची, डोळे मिटून, आणि एकाचं आमेन होईपर्यंत दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. बापानं भक्तीसाठी लावला, पण लग्न झाल्यावर बेबीले आणि मले त्याचा दुसरा उपयोग सापडला. प्रार्थनेत मस्त भांडता येते. बेबी म्हणते, "प्रभू, या घरात काही लोकायले ओला टॉवेल गादीवर टाकायची सवय आहे, त्यायचं मन पालट." आता आमेन झालं नाही, मी बोलू कसा? दात-ओठ खात बसतो. माही पाळी आली का मी म्हणतो, "हे दयाळू पित्या, जिभेवर ताबा हे तुझे दान आहे, ते तू या घरातील भगिनीस विपुलतेने दे." देवानं आमची पंचायत आजवर किती ऐकली, ते त्याचं त्यालेच माहीत.

आमाले एकच पोरगी, अंजू. नागपूरले मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. लहानपणी तिचा बाप्तिस्मा आमच्याच चर्चमध्ये झाला. पाळकसाहेबानं कपाळाले पाणी लावलं, तं हे एवढं भोकाड पसरलं होतं तिनं. नागपूरले गेल्यावर ती एका नव्या फेलोशिपमध्ये जाऊ लागली. गिटार, ड्रम, टाळ्या, सगळं. तिथं तिनं टाकीत बुडून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. आता पाहा माही फजिती. या नव्या फेलोशिपा आमची पोरं पळवून राह्यल्या, असा ठराव पंचमंडळात मांडणारा मीच, आणि माहीच पोरगी टाकीत. मी फोनवर तापलो. आमी दिलेला बाप्तिस्मा काय कच्चा होता, म्हणून विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "पप्पा, तो तुमी ठरवला होता. हा मी ठरवला."

मी फोन कापला. तेव्हापासून बोलणं बंद.

पण प्रार्थना बंद कशी करता? बेबी रोज आठ वाजता फोन स्पीकरवर लावून टेबलावर ठेवे. पोरगी नागपुरातून माही प्रार्थना ऐके, मी तिची ऐको, आणि शेवटचं आमेन झालं का मी पाणी प्यायले उठून जाओ. मी रोज कळवळून मागो, "हे उत्तम मेंढपाळा, भरकटलेल्या मेंढराला कळपात परत आण." पलीकडून मेंढरू खाकरे. असं दीड वर्ष चाललं.

या वर्षी अंजूचं लग्न ठरलं. पोरगा अनिकेत, तिच्याच फेलोशिपमधला. मे महिन्यातला शनिवार. आणि त्याच शनिवारी पांढरकवड्याच्या चर्चमध्ये कुटुंब सप्ताहाचं माहं भाषण निघालं. विषय, 'ख्रिस्ती कुटुंबातील संवाद'. हसू नका. मी दोन हातानं होकार दिला, कारण मले बहाणा पाहिजेच होता. बेबीले सांगतलं, तं ती भाकरी थापता थापता म्हणाली का जा, तिथं लोकायले शिकवून या कसं बोलायचं ते, माह्या पोरीजवळ मी एकटी उभी राहीन. त्या दिवशी ती प्रार्थनेतही भांडली नाही. तेव्हा मले पहिल्यांदा भीती वाटली.

तरी माही पाळी आली तसा मी सुरू झालोच. "हे सर्वसमर्था, तुझ्या सेवेच्या निकडीमुळे या दासास एका कौटुंबिक सोहळ्यास मुकावे लागत आहे, ते दुःख सोसण्याचे सामर्थ्य दे. आमेन." मीच मोडता घातला आणि मीच सामर्थ्य मागून राह्यलो, एवढा मी चालू माणूस.

आता अंजूची पाळी.

"देवा, पप्पा रोज तुह्याशी माह्याबद्दल बोलते. मी रोज ऐकते. लग्नाच्या दिवशी माहा हात धरून मले आत कोण नेणार, ते अजून ठरलं नाही. काका तयार आहे, पण मी कोणालेच हो म्हटलं नाही. ती जागा ठेवली आहे. तू पप्पाले सांग, का मेंढराजवळ फोन आहे. नंबर तोच आहे."

आणि ती थांबली. आमेन म्हणे ना. पोरगी रडून राह्यली होती आणि मले कळत होतं. डोळे गच्च मिटून मी तिच्या आमेनची वाट पाहत बसलो, कारण नेम होता. ते काही आलं नाही. माही पुस्तकी मराठी सगळी कुठल्या कुठं गेली. मी बापाचा नेम मोडला. गोरबोलीत विचारलं, जेवली का?

बेबी डोळे न उघडताच पुटपुटली, "प्रार्थना चालू आहे."

"असू दे, याडी," अंजू आईले म्हणाली. मग मले म्हणाली, "नाही जेवली, पप्पा."

मी म्हटलं, पह्यले जेव. मग विचारलं, अनिकेत काय काम करते, घरी कोण कोण आहे, साडी घेतली का. दीड वर्षाचं सगळं एकदमच विचारलं. शेवटी म्हटलं, पांढरकवड्याले मी सकाळीच नाही म्हणून कळवतो, आणि काकाले म्हण तुमी बसून राहा. बेबी पदरानं नाक पुसत हसत होती. फोनची बॅटरी संपेपर्यंत आमी बोललो. आमेन कोणी म्हटलंच नाही.