पुढच्या पाळीचा माणूस

अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंत सगळा सोलापूर जिल्हा पालथा घाला, माझ्या आतेबहिणीएवढी काळजी करणारी बाई तुम्हाला सापडायची नाही. सापडलीच, तर त्या बिचारीचं कसं होत असेल याची काळजीही माझी आतेबहीणच करील. आमच्या या ताईला काळजीला कारण लागत नाही; कारण नसलं की उलट ती जास्त धास्तावते. एकदा आम्ही अकलूजला लग्नाला निघालो, तर गॅस बंद केला की नाही म्हणून हिनं मोहोळहून गाडी परत फिरवायला लावली. मी वाटभर करवादलो. घरी येऊन बघतो तर गॅस बंदच होता, पण दाराला कुलूपच नव्हतं. तेव्हापासून कोणी तिच्या काळजीला हसलं की ती नुसती कुलपाकडे बोट दाखवते.

अशा बाईनं काहीतरी निवांत काम धरावं की नाही? तर ही नाच शिकवते, आणि तोही समकालीन. "साडी न्हाय, घुंगरू न्हाय, मग नाच कसला ओ ताई?" असं शेजारीण विचारते, तेव्हा तिचंच म्हणणं खरं तर नसेल ना, अशी नवीनच काळजी ताईला लागते. प्रयोगाआधी ती रंगमंचावर हात फिरवून खिळे शोधते, मुलींचे गुडघे चाचपते आणि लाइटवाल्याला जेवलास का म्हणून इतक्यांदा विचारते, की तो शेवटी कंटाळून पुन्हा जेवतो.

पण तिची खरी झोप उडाली ती गिरणीवरचा नाच बसवला तेव्हा. तिचे वडील, म्हणजे आमचे अण्णा, कापडगिरणीत मागावर होते. मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान गेले, आणि माग अजून चालूच आहेत अशा आवाजात ते घरात चहा मागायचे. गिरणी बंद पडली तेव्हापासून मात्र त्यांनी तिचं नाव काढलं नव्हतं. गिरणीची चिमणी दिसू नये म्हणून बाजाराला लांबून वळसा घालून जायचे. लेकीचा नाचही त्यांनी कधी बघितला नव्हता. या वेळी मात्र म्हणाले, "येतो की. बघू तर काय करतीस."

झालं! "अण्णा मधूनच उठून गेले तर? रडले तर?" ताईनं मला भंडावून सोडलं. मग हळूच म्हणाली, "आन काहीच न्हाई बोलले तर रे?" तिचा जीव अडकला होता तो यात. त्यांना सांभाळायला शेजारी मी बसावं असं ठरलं.

नाचाचा शेवट तिनं तिच्या लहानपणी अण्णांनीच सांगितलेल्या एका रिवाजावर बेतला होता. गिरणीत हाक ऐकू येत नसे. म्हणून पुढच्या पाळीचा माणूस मागून येऊन खांद्यावर हात ठेवायचा. तो हात पडेपर्यंत चालता माग सोडायचा नाही. नाचात बाकीच्या मुली एकेक करून निघून जातात, ताई एकटीच हात चालवत राहते, पुढच्या पाळीचं कोणी येत नाही आणि उजेड विझत जातो.

उजेड उतरू लागला तशी अण्णांची चुळबुळ वाढली. मी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"आरं, हिची पाळी संपली की! फुडचा मानूस कुटं हाय?" अख्ख्या सभागृहानं ऐकलं. कोणीतरी हसलं.

"अण्णा, गप बसा. नाच आहे तो," मी त्यांच्या कानाला तोंड लावून म्हणालो.

"नाच आसंल. पोरगी दमली न्हवं!"

हात हिसडून ते निघाले. पायरीशी चपला काढल्या, वर चढले. आता सगळं संपलं, असं मला वाटलं. लाइटवाल्यानंही उजेड तसाच धरून ठेवला. अण्णांनी मागून ताईच्या खांद्यावर हात ठेवला.

"जा बाय घरी," ते म्हणाले. "मी आलोय."

आणि तिच्या जागी उभे राहून हात चालवू लागले. ताई त्यांच्याकडे बघत मागे सरली. तिच्या तोंडावर काळजी नाही असं मी जन्मात तेव्हाच पाहिलं. वडिलांनी सांगितल्याप्रमाणे ती मुकाट्यानं आत निघून गेली.

अण्णा आता नाहीत. नाच अजून गावोगाव होतो. शेवटी कोणी येत नाही, बसवलाय तसाच. पण ताई उजेड विझवू देत नाही, हात चालवतच राहते. लोक अवघडतात, लाइटवाला ताटकळतो. परवा मी न राहवून म्हणालो, "ताई, किती ताणतेस?"

"काळजी वाटते रे," ती म्हणाली. "अण्णा यायचे, आन मी आधीच निघून गेलेली असायची."