शाल, नारळ आणि तीनशे एकोणीस क्लिक

“एवढंच लिहून द्या मॅडम, की कार्ड करप्ट होतं. लेटरहेडवर. खाली सही-शिक्का.”

शेठ माझ्या टेबलासमोर बसून हे सांगत होते. कार्ड अजून त्यांच्या खिशातच होतं. म्हणजे निदान आधी, तपासणी नंतर.

नांदेडात माझं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. तरी पहिल्यांदा येणारा माणूस अजूनही दारात उभा राहून विचारतो, “सर कुठं गेलेत?” शेठनीही विचारलं होतं. सर नाहीत, मीच आहे, असं म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम सैलावला. बाईमाणूस आहे, गोड बोललं की लिहून देईल, असा त्यांचा हिशेब असावा.

शेठ म्हणजे लातूरच्या एका मोठ्या स्टुडिओचे मालक. नाव सांगत नाही, त्यांची फुकट जाहिरात कशाला? त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर माणिकराव होते, अर्धापूरकडचे केळीवाले शेतकरी. दहा दिवसांपूर्वी त्यांच्या मुलीचं लग्न नांदेडच्या एका मंगल कार्यालयात झालं होतं आणि फोटोचं काम शेठच्या स्टुडिओकडे होतं. तिसरा माणूस दाराजवळ उभा होता. खुर्ची दाखवूनही तो बसला नाही. तो गंगाधर, भोकरचा. पंचेचाळिशीचा असेल. हंगामात वेगवेगळ्या स्टुडिओंसाठी रोजावर फोटो काढायला जातो. या लग्नात कॅमेरा शेठचा होता आणि बोट गंगाधरचं.

भानगड अशी होती. हळदीचे फोटो होते. सत्काराचे होते. पंगतीचे होते. अक्षता पडल्या त्या वेळचे आणि नवरा-नवरीनं हार घातले त्या वेळचे फोटो मात्र नव्हते. एकही नव्हता.

“पाव्हण्यांच्या मोबाइलात दोन-चार हायत,” माणिकराव म्हणाले. “त्यात निस्ती समोरच्या माणसाची डोकी दिसून राहिली. पोरगी न्हाई दिसत.”

“कार्ड द्या,” मी शेठना म्हटलं.

गंगाधरकडे त्या दिवशी तीन मेमरी कार्डं होती. पहिलं हळदीत आणि सत्कारात भरलं. दुसरं त्यानं अक्षतांच्या आधी टाकलं. तिसरं पंगतीला. शेठनी तिन्ही कार्डं टेबलावर ठेवली. भानगड दुसऱ्या कार्डाची होती, ते रिकामं होतं. मी ते मशीनला लावलं. आधी त्याची हुबेहूब नक्कल काढून ठेवली, मग कार्ड पूर्ण भरून पाहिलं आणि पुन्हा वाचून पाहिलं. थोडक्यात सांगायचं तर आधी नक्कल, मग परीक्षा. हा क्रम चुकला की उरलंसुरलंही जातं. हा क्रम माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ फोटोग्राफरांना माहीत नसतो आणि दहावा त्यांना तो शिकवत नाही.

कार्ड ठणठणीत निघालं.

“कार्डाला काहीही झालेलं नाही,” मी म्हटलं. “करप्ट असं मी लिहून देणार नाही.”

शेठनी दोन सेकंदही घेतले नाहीत. गोष्ट नंबर दोन त्यांच्याकडे तयार होती.

“मग यानं फोटो काढलेच नाहीत. मला आधीच डाउट होता. अक्षतांच्या टायमाला हा पंगतीत बसलेला होता मॅडम. मी रिकामं कार्ड दिलं, रिकामंच परत आलं.”

“मी काढलेत फोटो, ताई,” दारातून गंगाधर म्हणाला. “स्टेजवरच व्हतो. जेवलो बी न्हाई त्या दिवशी.”

“तू गप रे,” शेठ म्हणाले. मग माणिकरावांकडे वळून, “उद्याच ग्रुपवर टाकतो याचं नाव. फोटोसकट. पुन्हा कुणाचं लग्न नासवायला नको.”

हा ग्रुप म्हणजे नांदेड-लातूर दोन्ही जिल्ह्यांतल्या फोटोग्राफरांचा व्हॉट्सअॅप ग्रुप. तिथं एकदा नाव आलं की माणूस संपला. रोजावर जाणाऱ्याला कुणी दुकान पाहून बोलवत नाही, नाव ऐकून बोलवतं. लग्नसराईचे पुढचे दोन महिने गंगाधरच्या घरची चूल त्या नावावर पेटणार होती. तो दाराच्या चौकटीला हात लावून उभा होता आणि माझ्याकडे पाहत होता. मला तेव्हाच शेठचा राग आला. आवाज चढवून बोलणारा माणूस खरं बोलतो असं मानायची आपल्याकडे जुनी सवय आहे, आणि शेठ ती सवय पुरेपूर वापरत होते.

“कॅमेरा आणलाय?” मी विचारलं.

“आणलाय ना. ब्रँड न्यू पीस आहे. माणिकरावांना मी आधीच सांगितलं होतं, नवाकोरा कॅमेरा लावतो म्हणून.”

मला त्याचा शटर काउंट पाहायचा होता. तो म्हणजे काय ते सांगते. फोटो काढताना कॅमेऱ्याच्या आत एक पडदा उघडतो आणि मिटतो. त्याला शटर म्हणतात. तो किती वेळा उघडला याचा आकडा कॅमेरा स्वतःच मोजत राहतो. मोटारसायकलचं मीटर किलोमीटर मोजतं तसाच हा प्रकार. फोटो डिलीट केला तरी आकडा मागे येत नाही. कार्ड बदललं तरी तो पुढेच चालतो. जुना कॅमेरा विकत घेणारे लोक माझ्याकडे हा आकडा पाहायला येतात, कारण विकणारा प्रत्येक जण सांगतो की कॅमेरा एका डॉक्टरांचा होता आणि त्यांनी फक्त घरच्या वाढदिवसाला वापरला. आकडा पाहिला की कळतं, डॉक्टरांच्या घरी रोज चार वाढदिवस होत असणार.

शेठच्या नव्याकोऱ्या कॅमेऱ्यानं दोन लाख त्र्याऐंशी हजारांच्या वर फोटो काढले होते. या जातीचं शटर दीड-दोन लाख झाले की कधीही मान टाकतं. मी आकडा मोठ्यानं वाचला. माणिकरावांनी शेठकडे नुसतं पाहिलं.

“डिस्प्लेला प्रॉब्लेम असेल,” शेठ म्हणाले.

पण माझं काम वेगळंच होतं. या कॅमेऱ्याची एक चांगली खोड आहे. काढलेल्या प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो त्या क्षणीचा शटर काउंट लिहून ठेवतो. फोटो पाहताना तो दिसत नाही. बारकं सॉफ्टवेअर लावलं की दिसतो. म्हणजे प्रत्येक फोटोच्या पाठीवर नंबर असतो, आणि तो शेठलाही खोडता येत नाही.

मी पहिलं कार्ड उघडलं. सहाशेच्या वर फोटो होते. त्यातले चारशे सत्काराचे. आमच्याकडच्या लग्नात मुहूर्त पत्रिकेवर असतो आणि लग्न पुढारी ठरवतात. पत्रिकेवर बारा पस्तीस होतं. मुख्य साहेब यायचे होते, म्हणून नवरा-नवरीला अंतरपाटाशी उभं करून माइकवर सत्कार सुरू केले होते. शाल, नारळ, हात जोडलेला माणूस. पुन्हा शाल, पुन्हा नारळ, दुसरा माणूस. एका नारळाचे तर अकरा फोटो होते, कारण देणारा आणि घेणारा दोघंही कॅमेऱ्याकडे पाहीपर्यंत नारळ सोडत नव्हते. आणि हे सगळे फोटो शाबूत.

या कार्डावरच्या शेवटच्या फोटोची वेळ बारा अठ्ठावन्न होती. नंबर दोन लाख त्र्याऐंशी हजार चारशे बारा.

मग तिसरं कार्ड उघडलं. पहिला फोटो पंगतीचा, वेळ एक चौतीस. नंबर दोन लाख त्र्याऐंशी हजार सातशे बत्तीस.

मी दोन्ही आकडे कागदावर लिहिले आणि कागद माणिकरावांपुढे सरकवला.

“चारशे बारापासून सातशे बत्तीसपर्यंत काय झालं? मधे तीनशे एकोणीस वेळा बटण दाबलं गेलंय. पंगतीत बसून वरणभात खाताना एवढं बटण दाबता येत नाही.”

माणिकरावांनी बोटं मोजत वजाबाकी स्वतः करून पाहिली. मला ते आवडलं.

“म्हंजी यानं काढले,” ते म्हणाले.

“काढले.”

गंगाधरनं चौकटीवरचा हात काढला. तेवढंच. शेठ मात्र मागे हटणाऱ्यांतले नव्हते. गोष्ट नंबर तीन आली.

“काढले असतील. मग यानंच फॉरमॅट मारला. या लोकांना बटणं कळत नाहीत मॅडम. आणि मग भीतीनं सांगितलं नाही.”

“म्या कार्ड तुमच्या हातात दिलं शेठ,” गंगाधर म्हणाला. “तुम्ही म्हनलात, आन, लॅपटॉपवर घेतो.”

“कधी म्हटलं? साक्षीदार आहे का कुणी?”

आता फॉरमॅटबद्दल. कार्ड फॉरमॅट केलं की फोटो पुसले जातात असा सगळ्यांचा समज असतो. तसं होत नाही. दारावरची पाटी काढली म्हणून घर रिकामं होत नाही. आतलं सामान तसंच असतं, फक्त कुठं काय आहे ते कॅमेऱ्याला कळत नाही. त्या जागेवर नवीन काही लिहिलं, तरच जुनं कायमचं जातं. म्हणून फोटो गेले असं कळताच कार्ड काढून खिशात ठेवायचं असतं. हे मी बावीस वर्षं सांगून राहिले आहे. लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन त्याच कार्डावर जावळ शूट करतात.

मी काढलेल्या नकलेवर रिकव्हरी लावली. दीड तास लागेल म्हटलं. शेठना अचानक लातूरला काम निघालं.

“बसा,” माणिकराव म्हणाले. “च्या घेऊ. म्या बी सकाळपासून केळीची गाडी भरायची सोडून आलोय.”

चहा आला. गंगाधरनं उभ्यानंच घेतला.

दीड तासानं यादी आली. सर्वांत वर एक व्हिडिओ होता, चौदा मिनिटांचा. सुरू झाल्याची वेळ एक एकोणतीस. मी लावला. कार्यालयाच्या फाटकातून साहेबांची गाडी येते. फटाके. साहेब उतरतात. साहेब हळूहळू चालतात. साहेबांच्या चपला स्लो मोशनमध्ये. ज्यांच्यासाठी लग्न खोळंबलं होतं ते साहेब अक्षता पडून गेल्यावर आले होते, आणि चौदा मिनिटं त्यांच्यावरून कॅमेरा हलला नव्हता.

“हे कुणी शूट केलं?” मी विचारलं.

शेठ म्हणाले, “रील होती. सिनेमॅटिक.”

“कार्ड कुठून आणलं?”

शेठनी मोबाइल काढून वेळ पाहिली.

फोटोंचं कार्ड फॉरमॅट करून त्यावर रील घेतली होती आणि रील उतरवून पुन्हा फॉरमॅट केलं होतं, म्हणून कार्ड रिकामं दिसत होतं. व्हिडिओ फोटोंच्या डोक्यावर लिहिला गेला होता. तीनशे एकोणीसपैकी दोनशे एकसष्ट फोटो त्याच्याखाली गाडले गेले. अक्षतांचे सगळे, हारांचे सगळे. ते आता कुणालाही काढता येणार नाहीत, मलाही नाही. शेवटचे अठ्ठावन्न वाचले होते. नातेवाईक स्टेजवर येतात, उभे राहतात, जातात. नवरीची मावशी, नवरीचे काका. गंगाधरचे फोटो चांगले होते. सगळ्यांचे डोळे उघडे होते.

सर्वांत शेवटचा फोटो मी मोठा केला. वेळ एक सव्वीस. नंबर सातशे एकतीस. गंगाधर नवरा-नवरीचा फोटो काढत असताना मधे कुणीतरी घुसलं होतं. नवरीचा अर्धा चेहरा झाकून एक हात थेट लेन्सपुढे आला होता, तळवा वर करून, काहीतरी मागणारा. हाताच्या मागे शेठचा चेहरा. दुसऱ्या हातात त्यांचा व्हिडिओ कॅमेरा, कार्डाचं झाकण उघडलेलं.

मग गंगाधर पहिल्यांदा खुर्चीवर बसला.

“साक्षीदार इचारत व्हते,” तो म्हणाला.

शेठना यावर गोष्ट नंबर चार सुचली नाही. “गडबडीत होतं असं,” एवढं ते म्हणाले.

माणिकराव स्क्रीनकडे वळले. “माज्या पोरीच्या अक्षता गेल्या,” ते म्हणाले, “अन् तुमचे नारळ समदे शाबूत.” मग ते रागानं नाही, अगदी सावकाश बोलले. “ग्रुपवर टाकायचं व्हतं ना तुम्हाला उद्या? आताच टाका. हितं बसून. गंगाधरनं काम केलतं अन् कार्ड तुम्ही पुसलं, असं. बाई, तुम्ही वाचून बघा.”

शेठनी पहिल्यांदा लिहिलं, ‘तांत्रिक कारणामुळे’. मी म्हटलं, तांत्रिक कारण इथे खुर्चीवर बसलंय, त्याचं नाव लिहा. तिसऱ्या खेपेला नीट लिहिलं. लेटरहेडची गरज पडली नाही. मग तिघं गेले. जाताना गंगाधरनं मला नमस्कार केला, मला तो घेताना अवघडल्यासारखं झालं. मी काही केलं नव्हतं, दोन आकडे वाचले होते.

महिनाभरानं शेठ पुन्हा आले. तोच कॅमेरा घेऊन. विकायचा होता.

“मॅडम, तो आकडा जरा खाली आणता येईल का? वीस-पंचवीस हजारांवर?”

मला हसावं की हाकलावं ते कळेना. दोन्ही केलं.

या प्रकरणातून काय शिकायचं ते सोपं आहे. मेमरी कार्डाच्या कडेला एक बारकी खुंटी असते. ती खाली ओढली की कार्डाला कुलूप लागतं, त्यावर काही लिहिता येत नाही, फॉरमॅटही होत नाही. नखानं होणारं काम आहे. भरलेलं कार्ड बाहेर काढलं की खुंटी ओढायची आणि मगच दुसऱ्याच्या हातात द्यायचं. हे मी ग्रुपवरही टाकलं. अठ्ठेचाळीस जणांनी अंगठा दाखवला. किती जणांनी खुंटी ओढली ते मला माहीत आहे, कारण कार्डं माझ्याकडेच येतात.

गंगाधर ओढतो. या हंगामात तो स्वतःचा जुना कॅमेरा साफ करून घ्यायला आला होता. कामं भरपूर आहेत म्हणाला, भोकरपासून उदगीरपर्यंत. कार्ड तपासायचं होतं म्हणून मी हात पुढे केला.

“ताई, असाच ठेवा एक मिनिट,” तो म्हणाला.

त्यानं कॅमेरा उचलला, माझ्या पसरलेल्या हाताचा एक फोटो काढला, कार्ड बाहेर काढलं, खुंटी ओढली आणि मग माझ्या हातावर ठेवलं.